ढेकणांचं औषध

गिरगावातल्या बालवर्गात बाईंनी निळी बाटली टेबलावर ठेवली. “हे काय?” “औषध!” मुले एकसुरात ओरडली. “कशाचं?” “ढेकणांचं!” ढेकूण मारणाऱ्या विषाला औषध म्हणण्याचे सौजन्य आपल्या भाषेने कधी संपादन केले, ते कोशकारांनी नोंदवलेले नाही. रस्त्यावर त्याच भाषेच्या राज्यासाठी मोर्चा ‘झालाच पाहिजे’ म्हणून गर्जत होता. “औषध नव्हे, विष. म्हणा.” “विष!” मोर्चाच्या तालावर मुलांनी म्हटले. बाईंची बेबी गेल्या महिन्यापर्यंत याच सतरंजीवर बसे. ताप आला तेव्हा आई इथे लोकांच्या मुलांना शिकवीत होती. शहाण्या मुलीने पलंगाखालची बाटली शोधून आपल्या हाताने औषध घेतले. “बाई,” कमलाकांतने विचारले, “बेबीला हे तुम्ही सांगितलं नव्हतं?” बाईंनी बाटलीवरची धूळ पदराने पुसली. “सांगितलं होतं रे. हात लावू नकोस, त्यात औषध आहे, असं रोज सांगत होते.”