विरुद्ध बाजू

अक्षदाच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती. विषय होता एकोणिसाव्या शतकातला, नुकताच स्वतंत्र झालेला चिली देश: तिथले उदारमतवादी बरोबर होते की परंपरावादी? दोन महिन्यांपूर्वी अक्षदाच्या वाट्याला परंपरावादी आले, तेव्हा तिचा बाबा रविकांत मनातून खूश झाला. आखातातल्या अब्बासिया वस्तीतल्या याच घरात तो धाकट्या भावाशी, दिनकरशी, कायम त्याच बाजूने भांडत आला होता. एकदा मात्र राजकारणावरून आवाज चढला आणि "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस," असं रविकांत बोलून गेला. दिनकर दूर शहराबाहेर वफ्र्याला राहायला गेला तो परत आलाच नाही. गेल्या महिन्यात तिथेच हार्ट अटॅकने गेला.

"ऐक ना बाबा," म्हणत अक्षदा उभी राहिली. "देश नवा असतो तेव्हा आधी शिस्त लागते, मोकळीक नंतर. चिलीतले उदारमतवादी हरले, कारण त्यांनी कायदे लिहिले, पण माणसं सांभाळली नाहीत."

रविकांतने हातातला पेपर खाली ठेवला. शब्द त्याचेच होते. पण मध्येच थांबणं, भुवई उडवणं, टेबलावर बोटं वाजवणं, सगळं दिनकरचं होतं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"दिनूकाकाने, फोनवर. म्हणाला, तुझ्या बाबाची बाजू माझ्याइतकी कुणालाच पाठ नाही."

"मग यावर त्याचं उत्तर काय होतं?"

 

"नथिंग, बाबा. म्हणाला, माझ्याकडे उत्तर नाही. पण तुझ्या बाबाला सांगू नकोस, नाहीतर तो माझ्याकडे भांडायलासुद्धा यायचा नाही."