जरा उजळ
सत्काराला हजर राहून गोड हसलं, की वर्डेलचं चित्रपुस्तक बाल्टिमोरच्या प्रत्येक वाचनालयात जाणार होतं. फेब्रुवारी हा अमेरिकेत काळ्या लेखक-चित्रकारांच्या कौतुकाचा महिना. पुस्तकातली मुलगी तिने नातीवरूनच काढली होती; नायलाचाच गडद तपकिरी रंग, नायलाच्याच वेण्या. नायला शेजारी टाचा उंचावून उभी होती. वाचनालयाच्या संचालिकाबाईंनी केकवरचं झाकण काढलं. वर क्रीमने पुस्तकातली मुलगी काढली होती; वेण्या जागच्या जागी होत्या, चेहरा तेवढा मैद्यासारखा पांढरा. “गडद क्रीमने पाहुण्यांचे दात रंगतात हो,” बाई म्हणाल्या, “म्हणून जरा उजळ करून घेतली.” “आजी, ही कोण?” नायलाने विचारलं. “ही बेकरीवाल्याची भाची,” वर्डेल पुटपुटली. “मिस वर्डेल, एक घास,” फोटोवाला म्हणाला. तिने हसून तो ओशट गाल गिळला. बाईंना फोटो मिळाला, वर्डेलला वाचनालयं. नायलाने मात्र स्वेटरच्या बाह्या ओढून हात झाकून घेतले.