सतरावी ओळ

अधीक्षक देविदासरावांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर वसतिगृहात प्रवेश मिळालेल्या एकेचाळीस मुलींची नावे स्वच्छ मराठीत होती. संकेतस्थळावरून छापलेल्या दुसऱ्यावरही तेवढ्याच ओळी होत्या; मात्र अक्षरांच्या जागी डोक्यावर रेघ मारलेले इंग्रजी ‘ए’ आणि परदेशी चलनांची चिन्हे होती.

“सर, ही मराठी यादी कुठून आणली?”

“तुमच्याच खात्याच्या संकेतस्थळावरून,” गुरुलिंग सर म्हणाले. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यापासून ते किनवटला, या वसतिगृहासमोरच, ऑनलाइन अर्ज भरून देत. “फाइल एकच आहे. आत पत्र मराठी आहे, पण सर्व्हर पाकिटावर ‘इंग्रजी’ लिहून पाठवतो. ब्राउझर पाकिटावरचे खरे मानतो. मी फाइल उतरवून घेतली आणि मराठी समजून उघडली, एवढेच.”

“मग त्यांना सांगा ना दुरुस्त करायला.”

“सोमवारपासून चार फोन केले. एका ओळीचे काम आहे. तक्रार नोंदवली आहे, असे उत्तर मिळते.”

साखराबाई दाराशी मुलीच्या, महामायाच्या, पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून उभी होती; मुलगी शेजारीच होती. इस्लापूरहून ती सकाळीच निघाली होती. प्रवेश पाच वाजता बंद होणार होते. त्यानंतर मुलीची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. सव्वाचार झाले होते. हाच कागद पाहून तीन मुली कालच गावी परतल्या होत्या.

“सायब, मपल्या पोरीचं नाव हाय म्हणून सर सांगून राहिले. मंग आडलं कुठं?”

“बाई, सरांच्या सांगण्यावर नोंद होत नसते. संकेतस्थळावर जे दिसतं तेच मला चालतं. उद्या तपासणीला कोणी आलं तर काय सरांच्या घरची यादी दाखवू?”

गुरुलिंग सरांनी मराठी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली. दुसरा कागद पुढे ओढला, वरून ओळी मोजल्या आणि एका ओळीखाली टेबलावरची पट्टी धरली.

“मग ही घ्या. संकेतस्थळावरची, जशीच्या तशी. सतरावी ओळ हिची.”

“हे वाचता कुठं येतं, सर?”

“वाचायला कोणी सांगितले आहे? जुळवायचे आहे.”

देविदासरावांनी मोबाइलवर संकेतस्थळ उघडले. चार अक्षरांच्या नावाची एकवीस चिन्हे झाली होती. एक बोट कागदावर आणि एक पडद्यावर ठेवून ते शेवटच्या चिन्हापर्यंत गेले. जुळली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“हां, आता हरकत नाही.”

त्यांनी कागदावर शिक्का मारला, रजिस्टर उघडले आणि नावाच्या रकान्यात ती एकवीस चिन्हे एकेक करून, सुवाच्य अक्षरात उतरवली. मग रजिस्टर फिरवून मुलीपुढे सरकवले.

महामायाने पेन उचलले. रकान्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

“सर,” तिने विचारले, “सही बी अशीच करायची का?”