गूळ-चुन्याची नळी

मोटारीच्या इंजिनाची पाण्याची रबरी नळी गळायला लागली, तेव्हा मंगळवार पेठेतले गुळाचे व्यापारी हंबीरराव यांनी ती गूळ-चुना थापून घरीच पक्की केली. "ह्याच्यावर वाडं उभं ऱ्हात्यात, नळीचं काय घिऊन बसलाय!" साऱ्या पेठेला ऐकवलं. मग लेक मानमोडीच्या तापानं बेशुद्ध पडली. मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात लवकर पोचू म्हणून आगगाडी जाऊ दिली, आणि मोटार सुरू करताच दारातच नेमकी नळी फाटली. नवी हाताशी होती, पण जुनी दगडासारखी चिकटलेली. बायको बाळाबाई चुलीवरून उकळतं पाणी आणत होती, हंबीरराव ते ओतून नळी पिळत होते. तळहात सोलले. अखेर नळी सटकन हातात आली. "निघाली गं! आणखी पाणी आण, चुना धुतो अन् नवी बसवतो!" तपेलं घेऊन बाळाबाई उंबऱ्यातच थांबली. "हे मोटारीला न्हाय. अंग गार पडलंय पोरीचं. आंघोळ घालायची हाय."