अर्धं रफू

२०१९ साली सासूबाईंचं रफूचं दुकान बंद पडायला आलं, तेव्हा सुनेने फोन हाती घेतला. सोशल मीडियावर रोज नवं काय टाकायचं? तिने शर्टाचे रफूआधीचे आणि रफूनंतरचे फोटो टाकून पाहिले. “आई, लोक म्हणतात, शर्टच बदललाय! तुमचं काम दिसतच नाही.” “दिसलं तर ते रफू कसलं?” सासूबाई फणकारल्या. “मग अर्धं झालेलं दाखवूया की.” अर्धवट काम सासूबाईंनी जन्मात कुणाला दाखवलं नव्हतं. जरा वेळाने त्यांनी कपाटातला जुना कोट काढला. बाहीच्या अर्ध्या रफूत सुई गंजली होती. “तुझ्या सासऱ्यांचा. रफू चालू असतानाच ते गेले. फोटो काढ, पण सुई हलवू नकोस.” फोटो पाहून गिऱ्हाइकं आली, दुकान तरलं. पुढे सासूबाई गेल्या. त्यांच्याकडून शिकलेल्या सुनेचंही रफू आता कापडात दिसत नाही. कोट मात्र तिने सुईसकट दुकानात टांगून ठेवलाय.