अकरा ते पावणेबारा

"मी ह्या हातानं चावी फिरवली, साहेब. अकरा ते पावणेबारा," लाईनमन सोमनाथ चौथ्यांदा म्हणाला. "व्हॉल्व्हपाशी उभं राहवत नव्हतं, असा ब्लिचिंग पावडरीचा वास व्हता पाण्याला."

"पाह्यलं कुणी?" गल्लीतल्या कडूबाईनं विचारलं.

"गल्लीत कुत्रं नव्हतं. पाहीन कोण?"

"मंग नाय आलं."

गल्लीनं माना डोलावल्या. पाण्याच्या ऑफिसातून चौकशीला आलेले इंजिनिअर इंद्रजीत साहेब मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. हातात वही, अंगात कालचाच शर्ट. दुपारचे तीन वाजले होते. ओठांवरून जीभ फिरवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

झालं होतं ते असं. आठ दिवस नळाला थेंब नाही म्हणून सकाळी अख्खी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसवर मोर्चानं गेली होती. निघताना प्रत्येकानं आपापली तोटी घट्ट आवळली. चुकून पाणी आलंच तर वाया जायला नको, ही गल्लीची जुनी शिस्त. मग अकरा ते पावणेबारा गल्ली ऑफिसच्या दारात 'पाणी द्या' म्हणून ओरडत होती, आणि सोमनाथच्या म्हणण्याप्रमाणे त्याच वेळी पाणी गल्लीत येऊन, घरी कुणी नाही असं बघून, पुढच्या गल्लीत निघून गेलं होतं.

नियम साधा होता. पाण्याची पाळी होऊन गेली असेल तर पुढची आठ दिवसांनी. झालीच नसेल तर आजच पुन्हा.

मांडव दाभाडे सरांच्या दारात होता. उद्या सकाळी त्यांच्या लेकीचा, विशाखाचा मंगल परिणय. पाचोडची आणि बिडकीनची मिळून तीनशे माणसं यायची होती, आणि गच्चीवरच्या टाकीवर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येत होता.

सरांनी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. 'कोणी पाहत नसताना वस्तू असते का?' हा त्यांचा दहा मार्कांचा हमखास प्रश्न. काही पोरं 'असते' म्हणून चार पानं भरत, काही 'नसते' म्हणून. सर दोघांनाही सहा मार्क देत. त्या प्रश्नावाचून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

आज अडलं होतं. आणि उत्तर सरांच्या स्वयंपाकघरात होतं. पितळी कळशीत, काठोकाठ.

सरांची आई, दगडाबाई, गुडघ्यांमुळे मोर्चाला गेली नव्हती. नळ वाजला तशी तिनं एक कळशी भरली. दुसरी उचलणं होईना, म्हणून पाणी वाया नको असं म्हणत तोटी बंद केली. एक वाजता घरी आल्यावर सरांनी ती कळशी पाहिली, तिच्यावर ताट ठेवलं, ताटावर चादर टाकली आणि आईला बजावलं, कुणी काही विचारलं तर तू बोलायचं नाही. ती बरं म्हणाली.

"म्हणजे हा खोटं बोलतोय," साहेब वहीकडं बघत म्हणाले. "चावी फिरवलीच नाही असं लिहिलं तर ह्याची नोकरी जाते, हे सांगून ठेवतो."

सोमनाथ सरांकडं वळला. गेल्या वर्षी सर आजारी होते तेव्हा ह्यानंच चार घागरी जिना चढवून आणून दिल्या होत्या.

"सर, तुम्ही शिकेल माणूस. तुम्ही सांगा."

दारात विशाखा उभी होती. हाताला हळद तशीच होती. धुवायची कशानं, हा प्रश्नच होता. सरांनी घसा साफ केला.

"मी ऑफिसवर होतो. मी पाणी पाहिलेलं नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. तत्त्वज्ञानाचा एवढा रोकडा उपयोग त्यांना पहिल्यांदाच होत होता. सोमनाथनं मान खाली घातली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दगडाबाई बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भरलेलं फुलपात्र. तिला बोलू नको असं सांगितलं होतं; ती बोलली नाही. दारात आलेल्या माणसाला पाणी देऊ नको असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ते ऐकलं नसतं.

साहेबांनी फुलपात्र तोंडाशी नेलं आणि थांबले.

आठ दिवस साठवलेल्या पाण्याला ड्रमचा वास येतो. ह्याला पावडरीचा येत होता. तो सोमनाथपर्यंत पोचला, कडूबाईपर्यंत पोचला. सरांनी डोळे मिटून घेतले. मिटल्यानं फुलपात्र नाहीसं झालं नाही.

साहेबांनी पाण्याकडं पाहिलं. मग सोमनाथकडं, मग विशाखाच्या हातांकडं.

"मी हर्सूलला राहतो," ते म्हणाले. "आमची पाळी परवा होती. मी ड्यूटीवर, बायको ड्यूटीवर. पाणी येऊन गेलं."

आणि त्यांनी फुलपात्र खाली न ठेवता एका दमात संपवलं. मग उपडं करून सगळ्यांना दाखवलं. एक थेंब पडला, तो मातीनं पिऊन टाकला.

वहीत त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "व्हॉल्व्ह वेळेवर सोडला. पाणी कोणालाही दिसले नाही. पाळी आज पुन्हा द्यावी."

सोमनाथ चावी घेऊन व्हॉल्व्हकडं पळाला. साहेबांनी रिकामं फुलपात्र दगडाबाईपुढं धरलं.

"आजी, तांब्यातलं बी ओता. पुरावा शिल्लक राहायला नको."