आजचा खंड्या

अरे, तो फोटो मी मुद्दाम टाकला होता! मे संपत आला, टेकडीवर नवरंग पक्षी आला, आणि आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर सरनोबत काका गप्पच. डोक्याच्या ऑपरेशनपासून दोन महिने एक शब्द नाही. काकू म्हणाल्या, "त्यांना आता नावं आठवत नाहीत रे." मला पटेचना. कुणी चुकीचं नाव टाकलं की मिनिटात झापणारा माणूस तो!

म्हणून नवरंगाच्या फोटोखाली मी बिनधास्त लिहिलं, "आजचा खंड्या." अरे, मला पहिला नवरंग दाखवला तोच काकांनी! बाकीच्यांना डाव कळला. कुणीच दुरुस्त केलं नाही. सगळे काकांच्या शिव्यांची वाट बघत बसलो.

आणि खरंच, काका टाइप करताना दिसायला लागले! कितीतरी वेळ. ग्रुपमधल्या जुईने मला वेगळा मेसेज टाकला, "मेलास आता!" मी हसत होतो रे.

मग काकांचं उत्तर आलं. "वा! छान खंड्या."

मग जुईनेच लिहिलं, "हो काका, खंड्याच." मग एकेक करत बावीस जणांनी. सगळ्यात शेवटी मी.